कोकणातला ईस्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ईस्टर दर वर्षी वेगळ्या तारखेला का येतो?

नाताळ सूर्याच्या दिनदर्शिकेवर चालतो. ईस्टरचा हिशेब सूर्य आणि चंद्र दोघांवर आहे. इ.स. ३२५ च्या नायसिया परिषदेनंतर रूढ झालेला नियम असा: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्या पुढचा पहिला रविवार घ्यायचा. म्हणून सण २२ मार्चच्या आधी आणि २५ एप्रिलच्या नंतर कधीच येत नाही. २०२६ मध्ये तो ५ एप्रिलला आहे, २०२७ मध्ये २८ मार्चला आणि २०२८ मध्ये १६ एप्रिलला.

कोकणातल्या माणसाला पंचांगावरून अंदाज बांधता येतो. मार्चअखेरचा ईस्टर शिमग्याच्या पौर्णिमेमागून येतो, एप्रिलमधला बहुतेक वेळा हनुमान जयंतीमागून. मात्र चर्चची पौर्णिमा ठरावीक कोष्टकातून काढलेली असते, त्यामुळे एखाद्या दिवसाचा फरक पडतो. २०२५ मध्ये हनुमान जयंती १२ एप्रिलला, शनिवारी झाली. चर्चच्या कोष्टकात पौर्णिमा १३ तारखेला, रविवारी होती. पौर्णिमा रविवारी आली की सण पुढच्या रविवारी जातो, म्हणून त्या वर्षी ईस्टर २० एप्रिलला आला.

ईस्टरला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

पुनरुत्थानाचा, म्हणजे येशू मरणातून पुन्हा उठल्याचा सण, किंवा पास्काचा सण. ‘पास्का’ हा शब्द यहुद्यांच्या ‘पेसह’ सणावरून ग्रीक-लॅटिनमार्गे आला; पोर्तुगीज ‘पाश्कोआ’ त्याच घराण्यातला. सिंधुदुर्गात गोव्याच्या बाजूला ‘पास्कांचें फेस्त’ ऐकू येतं. बोलताना सगळे ‘ईस्टर’च म्हणतात आणि त्यात काही चूक नाही. कार्डावर लिहिताना शब्द ‘पुनरुत्थान’ असा आहे. ‘पुनर्उत्थान’ किंवा ‘पुनरूत्थान’ असं लिहू नका.

सणाच्या आठवड्यात कामं कशी लावायची? शनिवारी सगळं अंगावर येतं.

शनिवारी सगळं अंगावर येतं, कारण शुक्रवार हिशेबात धरलेला नसतो. गुड फ्रायडेला घरात गोडाधोडाचं काम निघत नाही, मटण-पोर्कला हात लागत नाही, बऱ्याच घरांत तव्यावर फोडणीसुद्धा पडत नाही. पेज आणि लोणचं यावर दिवस निघतो. दुपारी तीनच्या सुमाराची प्रार्थना आणि क्रुसाची वाट यांत वेळ जातो तो वेगळाच. म्हणजे ऐन आठवड्यात एक दिवस बंद. उलट्या बाजूने मोजा.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, वाणसामान आणि कार्डाचा कागद घरात आलेला असावा. सोमवार-मंगळवारी मार्झिपानच्या (बदाम किंवा काजूची पूड आणि साखर यांच्या गोळ्याच्या) अंड्यांचे साचे पाडायचे, म्हणजे बुधवारपर्यंत ती वाळतात. बुधवारी संध्याकाळी जोडणी आणि नक्षी. कार्डं पोस्टाने जायची असतील तर ती याच्याही आठवडाभर आधी पेटीत पडायला हवीत. गुरुवारी सकाळी किराण्याचा शेवटचा फेरा, कारण संध्याकाळी पाय धुण्याचा विधी आणि मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) असते. शनिवारी सकाळी मांस, दुपारी अंडी रंगवणं, संध्याकाळी पोर्कचं विंदालू शिजवून झाकून ठेवायचं आणि रात्री जागरणाच्या मिस्सेला निघायचं. रविवारी सकाळसाठी फक्त फुगे (आंबवलेल्या मैद्याचे गोल वडे) तळणं आणि भात शिल्लक राहावा.

उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी चालते का?

चालते, पण ती खाल्ल्याने उपवास होतो असं नाही. कॅथलिक उपवासात पदार्थापेक्षा मोजमाप महत्त्वाचं आहे: दिवसात एकदा पोटभर जेवण आणि दोनदा अगदी थोडं, दोन्ही मिळून एका जेवणाएवढं होणार नाही इतकंच. हा नियम भस्म बुधवार (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे या दोन दिवसांना, १८ पूर्ण ते साठाव्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंतच्या माणसांना लागू आहे. मांस वर्ज्य करण्याचा नियम वेगळा. तो वयाची चौदा वर्षं पूर्ण झाल्यापासून पुढे सगळ्यांना. आजारी माणूस, गरोदर बाई, औषधावर असलेले आजी-आजोबा यांना सूट आहे आणि तिचा संकोच बाळगू नये.

मासे ‘मांसा’त धरत नाहीत. ज्या किनाऱ्यावर बांगडा रोजचाच आहे तिथे हा त्याग फारसा जड नाही, हे उघड आहे. म्हणून अनेक घरं उपवासकाळाचे चाळीस दिवस मासेही कमी करतात किंवा दारू, मिठाई, सिरियल असं काहीतरी आपणहून सोडतात.

चाळीस दिवस मोजताना रविवार सोडायचे. भस्म बुधवार ते पवित्र शनिवार एकूण ४६ दिवस होतात, त्यातले सहा रविवार वजा.

बदामाऐवजी काजूचं मार्झिपान चालेल का? प्रमाण सांगा.

चालेल का म्हणजे, गोव्यापासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत काजूचंच करणं शहाणपणाचं आहे. वेंगुर्ल्याचा काजू दाराशी असताना बदाम भिजवा, सोला, वाळवा हा खटाटोप कशाला. काजूकतली जमणाऱ्याला हे जमतं. फरक एवढाच की इथे साखर जास्त आणि गोळा घट्ट.

साधारण अकरा-बारा पोकळ अंड्यांसाठी (प्रत्येकी सहा सेंटिमीटर लांब): काजू तुकडा २५० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, पाणी ८० मिली, गुलाबपाणी एक चहाचा चमचा, तूप एक चहाचा चमचा. तुकडा काजू घ्या. अख्खा पांढरा काजू घेऊन त्याची पूड करणं ही उधळपट्टी आहे.

काजू ताटात पसरून तासभर उन्हात ठेवा आणि पूर्ण गार होऊ द्या. मिक्सरमध्ये थोडे थोडे घालून चार-पाच सेकंदांचे झटके द्या. सलग फिरवलं की भांडं तापतं, काजूला तेल सुटतं आणि पुडीचं लोणी होतं. मग पाकात टाकल्यावर तेल वर तरंगतं आणि गोळा फुटतो. पूड पिठाच्या चाळणीने चाळा, वर राहिलेली कणी पुन्हा फिरवा.

जाड बुडाच्या कढईत साखर-पाणी उकळून एकतारी पाक करा. आच मंद करून पूड घाला आणि सतत घोटा. पाच-सात मिनिटांत मिश्रण कडा सोडून उलथन्याभोवती गोळा व्हायला लागतं. वाटाण्याएवढा तुकडा बशीत गार करून बोटांत वळा. गोळी झाली आणि बोटाला चिकटली नाही की गॅस बंद. गुलाबपाणी आणि तूप घालून ताटात काढा आणि कोमट असताना मळा. रंग द्यायचा तर मळतानाच द्या, जेलचा रंग काडीच्या टोकावर घेऊन. पाण्याच्या रंगाने गोळा सैल होतो.

ओले काजूगर मात्र यात वापरू नका. त्यांच्यात पाणी भरपूर असतं. त्यांची उसळ करा, ती पुढे येईलच.

मार्झिपान चिकट राहतं, रवाळ होतं, साच्यातून निघत नाही. काय चुकतं?

चिकट राहिलं तर ते कमी घोटलं गेलं. पुन्हा कढईत घालून मंद आचेवर दोन मिनिटं फिरवा. पिठीसाखर मळत बसू नका. वरून कोरडं दिसतं आणि रात्रीत पुन्हा पाझरतं.

रवाळ झालं तर पाक एकतारीच्या पुढे गेला किंवा घोटणं लांबलं, त्यामुळे साखरेचे खडे परतले. दोन चमचे कोमट पाणी शिंपडून, झाकून दहा मिनिटं ठेवा आणि मळा. बऱ्यापैकी सुधारतं, पूर्वीसारखं होत नाही. अशा गोळ्याची पोकळ अंडी न पाडता छोटी भरीव फळं वळावीत.

साच्यातून निघत नसेल तर साचा ओलसर आहे. सिलिकॉनचा साचा धुऊन पंख्याखाली पूर्ण वाळवा आणि पिठीसाखर व कॉर्नफ्लोअर समप्रमाणात घेऊन मलमलच्या पुरचुंडीने झटका. प्लॅस्टिकच्या कडक साच्याला आतून पातळ क्लिंग फिल्म लावली की प्रश्नच मिटतो. गोळा चार मिलिमीटर जाडीचा लाटून साच्यात दाबा. याहून पातळ केलं तर अर्धं अंडं वाळताना आत वाकतं आणि मग दोन्ही कडा जुळत नाहीत. तासाभराने साच्यातून काढा, कागदावर उपडं ठेवा, आठ-दहा तास पंख्याखाली वाळवा आणि मध्ये एकदा उलटवा.

फ्रिजमध्ये ठेवू नका. चुकांतली नव्वद टक्के चूक हीच. किनाऱ्यावरची एप्रिलची हवा इतकी दमट असते की थंड अंडं बाहेर काढल्याबरोबर त्याला घाम फुटतो, नक्षी ओघळते आणि रंग एकमेकांत मिसळतात. घट्ट झाकणाच्या डब्यात, बटर पेपरच्या थरांत, घराच्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा. पाच-सहा दिवस चांगलं राहतं. डबा पाण्याच्या परातीत ठेवायची जुनी युक्ती मुंग्यांवर अजून लागू आहे.

अर्धी अंडी कशाने जोडायची आणि वर नाव कसं लिहायचं?

रॉयल आयसिंगने. एका अंड्याचा पांढरा बलक (सुमारे ३० ग्रॅम), चाळलेली आयसिंग शुगर २०० ग्रॅम, लिंबाचा रस अर्धा चहाचा चमचा. साखर थोडी थोडी घालत लाकडी चमच्याने घोटा. चमचा उचलल्यावर टोक उभं राहिलं की जोडणीला योग्य. नाव लिहायला त्यातच चार-पाच थेंब पाणी घालून जरा सैल करा. कच्चा बलक लहान मुलांना किंवा गरोदर बाईला नको. त्यांच्यासाठी केकच्या सामानाच्या दुकानातली मेरिंग पावडर पाण्यात कालवून घ्या.

वाटी सतत ओल्या फडक्याने झाका, नाहीतर पाच मिनिटांत वर साय धरते आणि तिचे कण कोनाच्या तोंडात अडकतात. बटर पेपरच्या कोनाचं टोक अगदी बारीक, सुईच्या नेढ्याएवढं कापा. देवनागरी नाव लिहिताना आधी शिरोरेघ ओढू नका. अक्षरं आधी लिहा, रेघ शेवटी. गोल अंड्यावर आधी ओढलेली रेघ वाकडी जाते आणि सगळं नाव तिच्यामागे घसरतं.

अंडी घरच्या रंगांनी रंगवता येतात का?

येतात, आणि दुकानी रंगापेक्षा छान दिसतात. पांढऱ्या कवचाची अंडी घ्या. गावठी अंड्याच्या तपकिरी कवचावर फक्त कांद्याच्या सालीचा रंग उठून दिसतो.

कांद्याच्या सालींचा रंग सगळ्यात भरवशाचा. दोन मोठ्या वाट्या भरून सुक्या साली, एक लिटर पाणी, वीस मिनिटं उकळणं, गाळणं, गार करणं, दोन टेबलस्पून पांढरा व्हिनेगर. उकडलेली अंडी त्यात अर्धा तास ठेवली की नारिंगी, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली की गर्द विटकरी. हळदीचा पिवळा: लिटरला तीन टेबलस्पून. जांभळ्या कोबीच्या पाण्यात रात्रभर ठेवल्यावर निळा येतो, याचं सगळ्यांना नवल वाटतं. बीट निराश करतं. गुलाबी येतो पण वाळल्यावर मळकट होतो.

घरात आगळ आहे म्हणून कोकमात बुडवायचा मोह होतो. तसं करू नका. कवच कॅल्शियम कार्बोनेटचं, म्हणजे चुन्याच्याच जातीचं, आणि कोकम चांगलंच आंबट. अंडं आत सोडताच कवचावर बारीक बुडबुडे धरतात. तेवढ्यात कवचाचा वरचा थर विरघळत असतो. तासाभराने अंडं खरखरीत, ठिपक्याठिपक्यांचं होतं आणि रंग बोटाने पुसला जातो. व्हिनेगरही आंबटच, पण लिटरला दोन टेबलस्पून एवढंच असेल तर कवच जेमतेम खडबडीत होतं आणि रंग धरतं. प्रमाण वाढवलं की त्याचंही कोकम होतं.

पानाची नक्षी हवी असेल तर कोथिंबिरीचं किंवा नेच्याचं लहान पान ओलं करून अंड्याला चिकटवा, वर जुन्या पायमोज्याचं पातळ कापड ताणून मागे दोऱ्याने करकचून बांधा आणि मगच रंगात सोडा. कापड सैल राहिलं की रंग पानाखाली शिरतो.

अंडी उकडताना फुटतात, सोलताना साल निघत नाही.

फ्रिजमधलं अंडं थेट उकळत्या पाण्यात पडलं की फुटतं. अर्धा तास बाहेर ठेवा, गार पाण्यात घालून गॅसवर चढवा, उकळी आल्यावर आच मंद करून दहा मिनिटं आणि लगेच गार पाण्यात. जास्त उकडलं की पिवळ्या बलकाभोवती हिरवट-करडी कड येते. पांढऱ्यातलं गंधक आणि पिवळ्यातलं लोह यांची ती क्रिया, अपायकारक नाही. साल निघत नाही कारण अंडं फार ताजं आहे. सणासाठीची अंडी आठवडाभर आधी आणून फ्रिजमध्ये ठेवा.

रंगवलेली अंडी खायची असतील तर बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. कोकणात एप्रिलच्या दुपारी एकच तास धरा. टेबलावर दिवसभर सजलेली परडी शोभेची समजा.

अंगणात मुलांसाठी अंडी शोधायचा खेळ ठेवायचा आहे.

सकाळी मिस्सेहून आल्याबरोबर, नऊच्या आत. खरी अंडी लपवू नका: कावळे, मुंगूस आणि शेजारचा कुत्रा मुलांच्या आधी शोधतात. चॉकलेटही नको, ते तिशीच्या पुढे मऊ पडायला लागतं. कागदाची किंवा उघडझाप होणारी प्लॅस्टिकची अंडी घ्या, आत चिठ्ठी ठेवा आणि चिठ्ठीच्या बदल्यात खाऊ घरात द्या. प्रत्येक मुलाला एक रंग ठरवून दिला की मोठी मुलं लहानांचं लुटत नाहीत. मोजून लपवा, जागा लिहून ठेवा. विहिरीचा काठ, चिऱ्यांच्या गडग्याच्या फटी आणि पाचोळ्याचा ढीग वगळा, तिथे साप-विंचवाचा धोका असतो.

हाताने केलेलं, थोडं वेगळं कार्ड सुचवा.

गुहेच्या तोंडावरचा धोंडा सरकणारं कार्ड करा. सणाचा गाभाच त्यात येतो: रविवारी पहाटे स्त्रिया येशूच्या कबरीशी गेल्या तेव्हा धोंडा बाजूला सारलेला होता. ससे आणि पिल्लं दुकानातल्या कार्डांवर आहेतच.

२५० जीएसएमचा ए-४ कार्डशीट आडवा अर्धा कापा आणि तो तुकडा मधोमध दुमडा. दुमडण्याआधी पट्टी धरून रिकाम्या रिफिलने रेघ दाबा, नाहीतर जाड कागदाची घडी तडकते. समोरच्या पानावर डावीकडे गुहेचं तोंड आखा: ३ सेंमी रुंद, ३ सेंमी उंच कमान, तिचा मध्य घडीपासून साडेतीन सेंमीवर. पानाखाली जाड पुठ्ठा ठेवून कटरने कमान कापून काढा. वेगळ्या करड्या कागदाचा साडेचार सेंमी व्यासाचा गोल कापा, हा धोंडा. गोल कमानीवर बरोबर मधोमध ठेवा आणि त्याच्या उजव्या कडेपासून चार मिलिमीटर आत, गोल आणि पान दोन्हींतून दाभणाने भोक पाडा. दोन पायांची स्प्लिट पिन घालून मागे पाय फाका. धोंडा अर्धा फेरा फिरून उजवीकडे गेला की कमान मोकळी होते. कार्ड मिटलेलं असताना कमानीतून दिसेल अशा बेताने आतल्या पानावर पिवळ्या कागदाचा तुकडा चिकटवून त्यावर लिहा: ‘उठला आहे!’

दोन ठिकाणी बिघडतं. भोक पिनेला घट्ट बसलं तर धोंडा फिरण्याऐवजी वाकतो, म्हणून दाभण जरा फिरवून भोक सैल करा. आणि आतल्या बाजूला पिनेचे पाय बोटाला टोचतात, त्यावर कागदाची चकती चिकटवा. चकतीला फक्त कडेने गोंद.

कार्ड सुकल्यावर लाटांसारखं वाकतं. का?

फेव्हिकॉल जास्त झाला. पांढऱ्या गोंदात पाणी असतं, कागद ते पितो आणि फुगतो. दमट हवेत ते लवकर सुटत नाही. जुन्या एटीएम कार्डाने पातळ थर ओढा, चिकटवून झाल्यावर वर्तमानपत्राच्या दोन घड्यांमध्ये ठेवून वर पाटा नाहीतर पोळपाट ठेवा, रात्रभर. लहान मुलांना ग्लू स्टिक द्या.

झावळ्यांच्या रविवारची झावळी कार्डावर लावली तर चालेल का?

आशीर्वादित झावळी लावायला हरकत नाही, पण मग ते कार्ड कचऱ्यात जाता कामा नये, हे घेणाऱ्याला सांगा. शक्यतो माडाचं साधं कोवळं पातं घ्या. मधली हीर काढा, क्रूसासाठी आठ मिलिमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या करा, एक दहा सेंमी आणि एक सहा सेंमी. ताजी पट्टी चिकटवली की आठवड्यात आक्रसून कागद ओढते, म्हणून आधी तीन दिवस वहीत दाबून वाळवा. हिरवी राहणार नाही, गवती सोनेरी होईल. तीच छान दिसते.

घरात जमलेल्या जुन्या आशीर्वादित झावळ्या पुढच्या भस्म बुधवारच्या आधी चर्चमध्ये द्या. त्या जाळूनच कपाळाला लावायची राख होते.

कार्डावर काय लिहावं? गुड फ्रायडेला शुभेच्छा पाठवायच्या का?

गुड फ्रायडेला शुभेच्छा देत नाहीत. तो येशूच्या मृत्यूचा दिवस आहे. सकाळी सात वाजता फुलांच्या चित्रासह ‘हॅपी गुड फ्रायडे’ पाठवणारे शेजारी प्रेमानेच पाठवतात, पण त्या दिवशी गप्प राहणं बरं. शुभेच्छा शनिवारी रात्रीनंतर.

मजकूर छोटा ठेवा. ‘ख्रिस्त उठला आहे, आलेलुया!’ हे एक वाक्य पुरतं. ख्रिस्ती नसलेल्या घरी पाठवताना ‘ईस्टरच्या हार्दिक शुभेच्छा, रविवारी जेवायला या’ हे जास्त कामाचं.

विंदालूत बटाटा घालतात ना?

नाही. पोर्तुगीज ‘व्हिन्या द आल्योश’, म्हणजे वाइन आणि लसूण, यावरून नाव आलं. आपल्या कानाला त्यात ‘आलू’ ऐकू आला आणि हॉटेलांनी बटाटा टाकला.

एक किलो पोर्क, चरबीसकट, चार सेंमीच्या फोडी. वाटण: काश्मिरी मिरच्या १५, जिरं दीड चमचा, मिरी १०, लवंगा ६, दालचिनी दोन बोटं, हळद एक चमचा, लसूण २० पाकळ्या, आलं दीड इंच, साखर एक चमचा. सगळं १०० मिली माडीच्या व्हिनेगरमध्ये भिजवून त्यातच गंधासारखं बारीक वाटा, पाण्याचा थेंब नको. मीठ लावलेल्या फोडींना चोळून काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात मुरवा. ॲल्युमिनियमला आंबट लागलं की पदार्थाला धातूची चव येते. गुरुवारी रात्री मुरवून फ्रिजमध्ये ठेवलं तर शुक्रवारी हात लावायला नको आणि शनिवारी मसाला हाडापर्यंत गेलेला असतो. शनिवारीच मांस आणणार असाल तर निदान सहा तास मुरवा.

दोन कांदे तांबूस परतून मुरवलेलं पोर्क घाला, त्याचं स्वतःचं पाणी सुटेपर्यंत थांबा, मग अर्धा कप गरम पाणी घालून झाकून मंद आचेवर सव्वा तास. कुकरमध्ये फोडी शिजतात पण चरबी सुटून वर येत नाही. त्याच रात्री खाल्लं तर व्हिनेगर पुढे लागतं. रविवारी दुपारी सगळं एकजीव झालेलं असतं.

फुगे गोल येत नाहीत, आतून कच्चे राहतात.

वसई, उत्तन, गोराई या बाजूला ईस्ट इंडियन (मुंबई-वसईकडच्या मूळच्या मराठी कॅथलिक) घरांत फुगे नसतील तर तो सण नव्हे. पूर्वी पीठ ताडीवर फुगवत, आता यीस्ट.

मैदा ५०० ग्रॅम, अंडी २, नारळाचं जाड दूध २०० मिली, कोमट पाणी १०० ते १५० मिली, साखर तीन टेबलस्पून, मीठ एक चहाचा चमचा, इन्स्टंट यीस्ट दीड चहाचा चमचा. पीठ पोळीसारखं मळायचं नाही, हाताने वर उचलून भांड्यात आपटायचं, दहा मिनिटं तरी. उचललं की रबरासारखी तार निघायला हवी. झाकून ठेवा. पुस्तकात दोन तास लिहिलेले असतात. आपल्याकडच्या ३३ अंशांत तासाभरात दुप्पट होतं. तिथे सोडून मिस्सेला गेलात तर परतेपर्यंत आंबट होऊन खाली बसलेलं असेल.

तळताना डावा हात पाण्यात बुडवा, मूठभर पीठ घ्या आणि मूठ आवळा. अंगठा आणि तर्जनीच्या मधून लिंबाएवढा फुगा वर येतो. तो उजव्या हाताच्या ओल्या बोटांनी तोडून तेलात सोडा. तोडताना बोटं कोरडी असली की शेपूट राहतं. पीठ सैल असेल तर फुगा चपटा होतो. मैद्याची मूठ घालून पुन्हा आपटा.

तेल मध्यम. कडकडीत तेलात बाहेरून अर्ध्या मिनिटात लाल होतात आणि आत गिळगिळीत राहतात. सोडल्यावर दोन सेकंद तळाशी राहून वर यावा, आणि झाऱ्याने सतत तेल उडवत राहिलं की तो आपणहून उलटतो.

शाकाहारी शेजाऱ्यांना काय पाठवावं?

ओल्या काजूगरांची उसळ. हंगामच तो आहे. सोलण्याआधी हाताला खोबरेल चोळा, सालीतला चीक कातडी भाजतो. काढलेले गर गरम पाण्यात पंधरा मिनिटं ठेवले की आतली पातळ साल सुटते. मार्झिपान पाठवाल ते आयसिंगशिवाय, कारण त्यात अंडं असतं. दोन अर्धी जोडायला पाकाचं बोट पुरतं. पोर्क शिजवलेल्या भांड्यापासून ही तयारी वेगळी ठेवा. मुसलमान शेजाऱ्यांकडे जाणाऱ्या ताटालाही हेच लागू, आणि दुकानचे मार्शमेलो घातले असतील तर त्यात जिलेटिन असतं हे लक्षात ठेवा.

ख्रिस्ती नाही, पण शनिवारी रात्रीची मिस्सा बघायची आहे. चालेल?

चालेल. चर्चच्या अंगणात अंधारात नवा अग्नी पेटवतात, त्यावर पास्काची मोठी मेणबत्ती लावतात आणि तिच्यावरून प्रत्येकाच्या हातातली. मेणबत्तीला खाली कागदी कप लावून न्या, मेण हातावर आणि पुढच्या माणसाच्या साडीवर पडतं. गुरुवारपासून मुक्या असलेल्या घंटा ‘ग्लोरिया’ या स्तुतिगीताला वाजतात. पवित्र भाकर फक्त कॅथलिक घेतात. त्या वेळी जागेवर बसून राहा, कोणी काही म्हणत नाही. दोन तास धरून चला. निघताना लोक आशीर्वादित पाणी बाटलीत नेतात आणि रविवारी घरात शिंपडतात. रिकामी बाटली घरूनच न्यावी.

कार्ड ईस्टरनंतर पोचलं तर वाया गेलं का?

नाही. ईस्टरचा काळ पेन्टेकोस्टच्या सणापर्यंत पन्नास दिवस चालतो. २०२६ मध्ये २४ मेपर्यंत. तेवढ्यात पोचलेलं कार्ड वेळेवरचंच. पिनेचा उंचवटा असलेलं कार्ड मात्र साध्या पाकिटात शिक्का मारताना फाटतं, त्यामुळे आत एक पुठ्ठा घाला, आणि पोस्टात वजन करून मगच तिकीट लावा.